मेडिक्लेमने वगळलेले दुखणे

१९८६ हे साल मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ६ ऑगस्टला परळच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्माला आली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या साथीने हे काम केले होते. बीजांड शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलित केले होते आणि मग ते आईच्या गर्भाशयात सोडले होते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साधले होते. पण त्यांच्या हयातीत त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. त्यामुळे रीतसर शास्त्रीय नोंद झालेली भारतातली पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून केईएममधल्या त्या मुलीचे नाव झाले. हे घडले ते महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे गिरणगावातली माणसे केसपेपर काढून रांगेत उभी राहत.

त्याच वर्षी सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार सरकारी कंपन्यांनी 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी आणली. आजारी पडल्यावर रुग्णालयाचे बिल विमा कंपनी भरेल, ही कल्पना सामान्य नोकरदाराला तेव्हा नवी होती. आज कोणत्याही कंपनीचा आरोग्यविमा असला तरी आपण त्याला मेडिक्लेमच म्हणतो.

एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन गोष्टींची गाठ मात्र अजूनही नीट पडलेली नाही. मूल होण्यासाठीचे उपचार आणि ते उपचार परवडण्यासाठीचा विमा, यांच्यामध्ये पॉलिसीतले एक वाक्य उभे आहे. आज मी त्या वाक्याबद्दल बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. एका विमा कंपनीच्या दावे विभागात माझी नोकरी झाली. लोकांच्या आजारपणाचे कागद वाचणे आणि पॉलिसीतल्या कोणत्या कलमात ते बसतात हे पाहणे, हे माझे काम. जुन्या मेडिक्लेममध्ये कोणते खर्च मिळणार नाहीत याची यादी असे. त्या यादीतले एक कलम मला पाठ झाले होते. आजारानंतरची विश्रांती, अशक्तपणा, जन्मजात बाह्य व्यंग, वंध्यत्व, गुप्तरोग, जाणूनबुजून स्वतःला करून घेतलेली इजा, दारू आणि अमली पदार्थांचे सेवन. एका दमात ही सगळी नावे. मूल न होणाऱ्या बाईला कोणाच्या पंक्तीला बसवले होते ते पाहा. ज्यांनी हे कलम लिहिले ते काही दुष्ट नव्हते. समाज जसा विचार करत होता, तसे ते कागदावर उतरले.

पुढे भाषा सुधारली. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने वगळलेल्या गोष्टींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. प्रत्येक कलमाला क्रमांक दिला. वंध्यत्वाच्या वाट्याला सतरावा क्रमांक आला. कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी, नसबंदीची शस्त्रक्रिया आणि ती उलटवण्याची शस्त्रक्रिया या सर्वांचा खर्च त्याखाली वगळलेला असतो. आपल्या घरातली पॉलिसी काढून पाहिलीत तर बहुधा हे कलम सापडेल. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे कलम घातलेच पाहिजे, अशी कंपनीवर सक्ती नाही. वगळायचे असेल तर या शब्दांत वगळा, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे कंपनीने मनावर घेतले तर ती हा खर्च देऊ शकते, आणि काही कंपन्या आता मर्यादित प्रमाणात देऊही लागल्या आहेत.

मूल न होणे हा आजार आहे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटना त्याला प्रजनन संस्थेचा आजारच मानते. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर ते वंध्यत्व, अशी तिची व्याख्या आहे. जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो, असे या संघटनेने २०२३ च्या अहवालात म्हटले आहे. आपल्या संसदेने २०२१ मध्ये साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा केला. त्यातही एक वर्षाचीच अट आहे, आणि गर्भधारणा होऊ न देणारे वैद्यकीय कारण असेल तर तेही धरले आहे. म्हणजे कायद्याला हे वैद्यकीय दुखणे म्हणून मान्य आहे. पॉलिसीला मात्र नाही.

सरकारचा स्वतःचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिच्याखाली आयव्हीएफचा खर्च परत देण्याचा आदेश २०११ मध्ये निघाला. दवाखान्यात ज्याला 'सायकल' म्हणतात, त्या उपचाराच्या एका आवर्तनाला ६५ हजार रुपयांपर्यंत किंवा प्रत्यक्ष खर्च, यापैकी जे कमी असेल ते. अशी जास्तीत जास्त तीन आवर्तने. पत्नीचे वय २१ ते ३९, आणि इतर काही अटी. आदेश नेटका आहे. किती वेळा, किती रुपये, कोणत्या वयापर्यंत, हे सगळे त्यात ठरवून दिलेले आहे. परंतु गरीब कुटुंबांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेली, वर्षाला पाच लाखांचे कवच देणारी आयुष्मान भारत योजना आखताना प्रजननविषयक उपचार वगळलेल्या गोष्टींच्या यादीत गेले. दिल्लीतल्या सचिवालयातल्या कारकुनाला जे मिळू शकते, ते बीडच्या ऊसतोडणी कामगाराला नाही.

माझ्या टेबलावर आलेली एक फाईल सांगते. नावगाव सांगणार नाही. भोर भागातले जोडपे, नवरा दूध संघात नोकरीला, गटविम्यातून दोघांनाही कवच. पत्नीचे वय ३१. पाळीत अतिशय रक्त जायचे, अंगातले रक्त कमी झालेले. पुण्याच्या रुग्णालयात तिच्या गर्भाशयातल्या गाठी काढल्या. डिस्चार्ज कार्डावर पहिलीच ओळ होती : लग्नाला सहा वर्षे, प्राथमिक वंध्यत्व. दावा तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेने ती ओळ वाचली आणि वंध्यत्वाच्या कलमाखाली दावा नाकारला. त्या बाईंनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. मला मूल नाही हे खरे आहे, पण ऑपरेशन रक्त जात होते म्हणून झाले, असे त्यात होते. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. सर्जनचे प्रमाणपत्र, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट आणि गाठींचा तपासणी अहवाल मागवला, आणि दाव्याची रक्कम दिली गेली.

चेक घ्यायला त्या नवऱ्याबरोबर कार्यालयात आल्या होत्या. जाताना त्यांनी विचारले, "मॅडम, आता डॉक्टर टेस्ट ट्यूबचे म्हणतायत. त्याचेही कागद आणू का?" मला नाही म्हणावे लागले. पुढे वर्षभराने त्यांचे यजमान दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा कळले की दागिने गहाण टाकून आणि पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी एकदा उपचार करून पाहिला. यश आले नाही. डॉक्टर दुसऱ्यांदा प्रयत्न करू म्हणत होते. पण पैसे संपले, म्हणून ते थांबले.

ही गोष्ट एका घरची नाही. खासगी केंद्रात आयव्हीएफच्या एका आवर्तनाला औषधे धरून साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. स्त्रीचे वय अनुकूल असले तरी एका आवर्तनात मूल होण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणजे पहिल्या फेरीत अपयश येणे यात जगावेगळे काही नाही. दोन-तीन प्रयत्न धरूनच हा उपचार आखलेला असतो. ज्याच्याकडे एकाच प्रयत्नाचे पैसे आहेत तो अर्धाच उपचार घेतो, आणि दोष मात्र नशिबाला, बहुतेक वेळा बायकोला देतो.

आता विमा कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. विम्याचे शास्त्र असे की कोणाचे नुकसान होईल हे आधी माहीत नसावे, आणि पुष्कळांच्या हप्त्यातून थोड्यांचे नुकसान भरून निघावे. ज्या जोडप्याला उपचार घ्यायचे आहेत तेच जर ही पॉलिसी घेऊ लागले, तर घराला आग लागल्यावर विमा काढायला धावण्यासारखे होईल. हप्ता वाढेल, ज्यांना गरज नाही ते बाहेर पडतील, आणि उरलेल्यांचा हप्ता आणखी चढेल. दुसरी अडचण अशी की, आरोग्यविमा रुग्णालयातल्या खाटेभोवती उभा आहे. आयव्हीएफमध्ये खाट लागते ती काही तासांपुरती, बीजांडे काढण्याच्या दिवशी. त्याआधी दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने आणि अधूनमधून सोनोग्राफी. हा मोठा खर्च औषधाच्या दुकानात आणि बाह्यरुग्ण विभागात होतो. तिसरी अडचण केंद्रांची. २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ मध्ये अमलात येईपर्यंत या केंद्रांना बंधनकारक अशी राष्ट्रीय नोंदणीच नव्हती. कोणाला पैसे द्यायचे, हा कंपनीचा प्रश्न रास्त होता.

या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांना उत्तरे आहेत. केंद्रांची नोंदणी आता सक्तीची आहे. आग लागल्यावर धावणाऱ्यांसाठी प्रतीक्षा काळ ठेवता येतो. पॉलिसी घेतल्यावर दोन-तीन वर्षे दावा नाही, अशी अट बाळंतपणाच्या खर्चाला आपण मान्य केलेलीच आहे. रकमेला आणि आवर्तनांना मर्यादा घालता येते. आणि सर्वांत चांगला मार्ग गटविम्याचा, कारण तिथे निवड करायला वावच नसतो. समजा, हजार कर्मचाऱ्यांच्या संस्थेत वर्षाला पाच जोडप्यांनी प्रत्येकी एक लाखाचा दावा केला. खर्च झाला पाच लाख. माणशी भार पडला वर्षाला पाचशे रुपये, महिन्याला बेचाळीसच्या आसपास.

वगळलेले कलम काढले की विमा कंपन्या बुडतात, असाही अनुभव नाही. मानसिक आजार कित्येक वर्षे याच यादीत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजारालाही द्या. ते कलम गेले. कंपन्या आपापल्या जागी आहेत.

इतर देशांनी काय केले, तेही पाहू. इस्रायलमध्ये दोन मुले होईपर्यंत आयव्हीएफचा खर्च सार्वजनिक आरोग्य व्यवस्था उचलते. फ्रान्समध्ये ठरावीक वयापर्यंत चार प्रयत्न मिळतात. जपानने एप्रिल २०२२ पासून हा उपचार आरोग्यविम्यात घेतला. पत्नीचे वय चाळिशीच्या आत असेल तर प्रत्येक मुलासाठी सहा वेळा गर्भ सोडण्याचा खर्च, त्यानंतर ४२ वर्षांपर्यंत तीन वेळा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने तर १९८५ मध्येच विमा कंपन्यांना आयव्हीएफबाबत बंधन घातले होते. ब्रिटनचा अनुभव जरा सावध करणारा आहे. तिथे तीन आवर्तनांची शिफारस आहे. पण पैसे स्थानिक आरोग्य मंडळांनी द्यायचे असल्याने कोणत्या गावात राहता यावर तुम्हाला काय मिळेल हे ठरते.

मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो बेल्जियमचा मार्ग. खिशातून पैसे भरणाऱ्या जोडप्याला वाटते, आलोच आहोत तर दोन-तीन गर्भ एकदम सोडा. त्यातून जुळी-तिळी होतात, अपुऱ्या दिवसांची बाळे जन्मतात, आणि ती काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे राहतात. आईच्या जिवालाही धोका वाढतो. बेल्जियमने २००३ मध्ये ठरवले की सहा आवर्तनांचा प्रयोगशाळेचा खर्च आम्ही देऊ. पण तरुण स्त्रीच्या बाबतीत पहिल्या वेळी एकच गर्भ सोडायचा. जुळ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जाणारा पैसा वाचला, आणि त्यातून उपचाराचा खर्च निघू शकला. पुढच्या प्रयत्नाची खात्री असली की माणूस घाई करत नाही. विम्याचा हा फायदा पैशात मोजता येतो, आणि आईबाळाच्या प्रकृतीतही दिसतो.

आपल्याकडेही हालचाल सुरू झाली आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ केंद्र सुरू झाले. मुंबईच्या कामा रुग्णालयातही सरकारी केंद्र निघाले. मोठ्या खासगी कंपन्यांच्या गटविम्यात हा खर्च काही प्रमाणात दिसू लागला आहे. पण हिंजवडीत संगणकावर काम करणाऱ्या मुलीला जे मिळते, ते तिच्या इमारतीच्या फाटकावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाच्या घरी पोहोचायला अजून वेळ आहे.

तोपर्यंत आपण काय करायचे? नोकरीच्या अनुभवातून सुचणाऱ्या काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट पैशाची नाही. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जावे. अडचण फक्त बाईत असते हा समज चुकीचा आहे. पुष्कळ जोडप्यांत कारण पुरुषात किंवा दोघांतही असते. वीर्यतपासणीला काही शे रुपये लागतात. ती न करता बायकोवर हजारोंच्या तपासण्या आणि एखादी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाल्याच्या फायली मी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट. मूल होण्यासाठीचा उपचार वगळलेला असला, तरी गर्भाशयातल्या गाठी, अंडाशयातली गळू, एन्डोमेट्रिओसिस, जननेंद्रियांचा क्षयरोग, नळीत राहिलेला गर्भ हे स्वतंत्र आजार आहेत. त्यांच्यावरच्या उपचाराचा दावा त्या आजाराच्या नावावर होतो. डॉक्टरांना खोटे लिहायला सांगू नये. मात्र कोणता त्रास होता आणि शस्त्रक्रिया कशासाठी केली, हे डिस्चार्ज कार्डावर पूर्ण लिहायला सांगणे हा आपला हक्क आहे. घरी जाण्याआधी ते कार्ड वाचा.

तिसरी गोष्ट. 'आयव्हीएफ कव्हर' असे जाहिरातीत लिहिलेले असेल तर पाच प्रश्न विचारा. प्रतीक्षा काळ किती? कमाल रक्कम किती, आणि ती वर्षाला की आयुष्यात एकदाच? पत्नीच्या वयाची अट आहे का? इंजेक्शने आणि सोनोग्राफीचा खर्च धरला आहे का? दोघांचाही विमा त्याच पॉलिसीत असला पाहिजे का? उत्तरे पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा; एजंटाच्या तोंडच्या शब्दावर दावा मिळत नाही. प्रस्ताव अर्जात आधीचे उपचार लपवू नका. लपवलेले बाहेर आले तर दुसऱ्या आजाराचा दावाही अडचणीत येतो.

चौथी गोष्ट. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासह. कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही. भोरच्या त्या बाईंसारखे साध्या मराठीत लिहिलेले पत्र पुरते.

हे सगळे बोलताना एक भान ठेवायला हवे. प्रत्येक जोडप्याला मूल हवेच असते असे नाही, आणि उपचार थांबवून दत्तक घेणारे किंवा दोघेच आनंदाने राहणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा निर्णय त्यांचा. विमा मिळतो म्हणून सासरच्यांनी सुनेला पुन्हा पुन्हा सुया टोचून घ्यायला लावू नये. माझे म्हणणे एवढेच की थांबायचे असेल तर ते जोडप्याने ठरवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. सोनाराकडच्या पावतीने ते ठरवू नये.

आपल्यापैकी बरेच जण अशा ठिकाणी काम करतात जिथे दरवर्षी गटविम्याचे नूतनीकरण होते. साखर कारखाने, सहकारी बँका, शिक्षण संस्था, दूध संघ. नूतनीकरणाआधी व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांची बैठक होते. खोलीचे भाडे किती, आईवडिलांना घ्यायचे का, यावर तासभर चर्चा चालते. त्या बैठकीत एकाने तरी उठून विचारावे, की सतराव्या कलमाचे काय, आणि ते काढले तर माणशी हप्ता किती वाढेल? आकडा लेखी मागावा. ज्याच्या घरी ही अडचण आहे तो संकोचाने गप्प बसलेला असतो. म्हणून ज्याच्या घरी मुले खेळत आहेत, त्यानेच हा प्रश्न विचारला तर अधिक बरे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)